गुहेतल्याचा हात

आमचे घरमालक कोणत्याही अंधाऱ्या जागेत एकदम शिरत नसत. न्हाणीघर असो, धान्याची खोली असो की वीज गेलेले स्वतःचेच स्वयंपाकघर असो, उंबऱ्याशी ते थांबत, मान किंचित तिरकी करत आणि मनाशी वीसपर्यंत आकडे मोजत. मगच त्यांचे पाऊल आत पडे. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी मावशी म्हणत असे, हा प्रकार चाळीस वर्षे पाहत आल्या होत्या आणि चाळीस वर्षांत तो त्यांच्या अंगवळणी पडला नव्हता.

"अवो, न्हानीत काय मालगाडी येतीया का?" त्या चुलीपुढून विचारत. "पानी निवलं की."

"आली तर तू सांगनार हायस का?" ते शांतपणे म्हणत आणि उरलेले आकडे पुरे करत.

लोणावळ्याजवळचे सारे कुरवंडे गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली मी अडीच वर्षे भाड्याने घेतली होती. गुहेत राहणाऱ्या वटवाघळांवर माझे पीएच.डी.चे संशोधन चालले होते आणि मी घाईत होते. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रबंध, चौथ्या वर्षी परदेशातली शिष्यवृत्ती, असा चौकटी-चौकटींचा आराखडा मी पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लावला. आबांनी तो हात पाठीमागे बांधून, खालपासून वरपर्यंत वाचला.

"समदं हाय," ते म्हणाले. "जेवायचं कुटं लिवलंय?"

आबांची सारी नोकरी घाटातल्या रेल्वेमार्गावर झाली. ते गँगमन होते. रूळ तपासणे, खडी सारखी करणे, बोगद्यातले पाणी काढणे हे त्यांचे काम. उंबऱ्यावरची सवय तिथली होती. बोगद्याच्या तोंडाशी थांबायचे, कान द्यायचे, डोळ्यांना अंधाराची ओळख होऊ द्यायची आणि मग पाय उचलायचा. दुसरी सवय याहून महत्त्वाची. आत असताना समोरून इंजिनाचा दिवा आला, की गँगमन भिंतीतल्या कोनाड्यात शिरतो आणि तळहात बाहेर करून डोळ्यांवर आडवा धरतो. त्या दिव्याकडे सरळ पाहिले, तर गाडी निघून गेल्यावरही बराच वेळ काही दिसत नाही. तेवढ्यात दुसऱ्या रुळावरून दुसरी गाडी आली, तर तीही दिसत नाही.

मी त्यांना दृष्टिपटलातले रंगद्रव्य, प्रखर उजेडात होणारा त्याचा नाश आणि ते पुन्हा तयार व्हायला लागणारा अर्धा तास, हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले.

"म्हंजी आमच्या मुकादमाला ठावं हुतं ते पुस्तकात बी हाय," ते म्हणाले. "बरं झालं."

या दुसऱ्या सवयीने त्यांना एकदा, तीन दिवसांपुरते, नट केले होते. माझा जन्म झाला त्या सुमाराची ही गोष्ट. लोणावळ्यात एका भयपटाचे चित्रीकरण चालले होते. डोंगर चढायला आलेली आठ तरुण मंडळी जमिनीखालच्या गुहेत अडकतात आणि तिथे दबा धरून बसलेला राक्षस त्यांना एकेक करून गाठतो, अशी कथा. राक्षस म्हणून मुंबईहून आणलेला माणूस खऱ्या गुहेत तासाभरात घाबरून बाहेर आला आणि परत आत जाईना. अंधाराला न भिणारा, त्याच अंगकाठीचा कुणी आहे का, अशी विचारणा झाली आणि गावकऱ्यांनी रजेवर घरी आलेल्या आबांकडे बोट दाखवले.

आबांना रबराचे डोके आणि पंजे चढवून गुहेच्या कोपऱ्यात बसवले. एकाएकी आठ बॅटऱ्या आणि एक मोठा दिवा त्यांच्या तोंडावर आला. त्यांनी बोगद्यात केले असते तेच केले. तळहात बाहेर, पंजा उघडा, बोटांच्या फटीतून एक डोळा. दिग्दर्शक खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागला. तोच क्षण पुढे जाहिरातीच्या चित्रावर गेला. गावोगावच्या भिंतींवर तो हात लागला आणि झडप घालणारा हात म्हणून पाहणाऱ्यांच्या मनात बसला. पडद्यावरच्या नावांत आबांचे नाव कुठेच नव्हते.

"म्या झडप न्हवती घातली, पोरी," ते मला म्हणाले. "डोळ्यावर दिवा आलता. एवडंच."

त्या प्राण्याला ते राक्षस म्हणत नसत आणि दुसऱ्याला म्हणू देत नसत. त्यांचा शब्द होता 'गुहेतला'.

"राक्षस कशापायी? त्यो आपल्या घरात बसलेला. ही आठ जणं बॅटऱ्या घिऊन शिरली. त्यो कुटं कुनाच्या दारात गेलता?"

"त्या मेल्याचं एवडं कवतिक," मावशी भाकरी उलटत म्हणत. "माज्या भावाची अशी बाजू कवा घितली न्हाई."

"तुजा भाऊ बी लोकांच्या घरात शिरतो की. दर सुट्टीला हितंच असतो."

रबराचे डोके आणि उजवा पंजा आबांनी धान्याच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवले होते. रबर जुने होऊन चिकट झाले होते. दर महिन्याला ते बाहेर काढून त्यावर पावडर चोळत. मावशींच्या मते, एखाद्या नातवाला लागली नसेल एवढी पावडर त्या डोक्याला लागली होती.

माझे काम औंढ्याच्या बाजूच्या एका गुहेत चाले. नेमकी जागा मी लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल. मावळतीला मी गुहेच्या तोंडाशी बसे आणि बाहेर पडणारी वटवाघळे हातातल्या मोजणी यंत्राची कळ दाबत मोजे. आबा पहिल्या महिन्यात सोबत म्हणून आले आणि पुढे सवय म्हणून येत राहिले. ते गुहेकडे पाठ करून बसत. पंखांच्या आवाजावरून थवा दाट आहे की विरळ, हे त्यांना कळे. माझ्या आकड्यांशी ते सहसा जुळे.

एकदा वाट पाहताना मी वहीत त्यांना वटवाघळाचा सांगाडा काढून दाखवला. हा अंगठा, ही चार लांब बोटे, मधे ताणलेले पातळ कातडे. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच. आबांनी स्वतःचा पंजा उघडून आकृतीशेजारी धरला आणि बराच वेळ पाहिला.

"आनि उलटं लटकतंय पायावर," ते म्हणाले. "म्हंजी उडायचं म्हंजी हात हलवायचं. मंग पिल्लू कशानं धरती?"

"पिल्लूच आईला धरून असतं. थोडं मोठं झालं की छताला, आईशेजारी. माद्या दचकून उडाल्या तर काही पिल्लं खाली पडतात. पडलेलं पिल्लू सहसा वाचत नाही."

ते माहिती म्हणून मी सांगितले होते. प्रबंधात ते एका तळटीपेत होते.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये एक तरुण दिग्दर्शक आबांचा पत्ता विचारत कुरवंड्यात आला. पुण्याचा, शांत बोलणारा माणूस. पादत्राणे बाहेर काढून आत आला आणि आबांच्या पाया पडला.

"आबा, तुमच्या हातानं मला लहानपणी दोन महिने झोपू दिलं नाही."

"मंग आता काय, नुकसानी मागाय आलायसा?"

"नाही. तोच हात परत हवाय."

त्या जुन्या भयपटाचा दुसरा भाग तो करणार होता. पहिल्या भागात वाचलेली मुलगी मोठी होऊन परत त्या गुहेत उतरते आणि खाली एक नव्हे, पाच राक्षस असल्याचे तिला कळते.

"पाच?" आबा म्हणाले. "आनि खात्यात काय?"

मी खोलीतून ऐकत होते; मला राहवले नाही. माणसाच्या वजनाचे पाच मांसाहारी प्राणी वर्षभर जगवायला किती शिकार लागेल, याचा हिशोब मी वहीवर करून दाखवला. संपूर्ण मावळ तालुक्यातल्या शेळ्या त्यांना पुरल्या नसत्या. दिग्दर्शकाने तो कागद आदराने घडी करून खिशात ठेवला.

"मॅडम, भयपट आहे," तो म्हणाला. मग आबांकडे वळला. "या वेळी तुमचं नाव येईल, आबा. सुरुवातीला. पूर्ण पडद्यावर."

"एकट्याचं?"

"एकट्याचं."

"म्होरं-मागं दुसरं कुनी न्हाई?"

"कुणी नाही."

चहा घेऊन येणाऱ्या मावशी त्या वेळी उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी वीस आकडे मोजले की नाही ते मला माहीत नाही, पण आत यायला त्यांना वेळ लागला.

अडचण एकच होती. पहिल्या भागातली गुहा आता एका मोठ्या हॉटेलच्या कुंपणात गेली होती, आणि दिग्दर्शकाला खरी गुहा हवी होती. आबांचे गुडघे आणि दम पाहता मुंबईच्या स्टुडिओत वीस दिवस राहून काम करणे त्यांना झेपणार नव्हते. गुहा जवळ मिळाली तर त्यांचा भाग दोन दिवसांत उरकता आला असता. एवढे बोलून त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्याकडे काही दृश्यांसाठी आणलेला, अंधारात शरीराची उष्णता टिपणारा कॅमेरा होता. जागा सुचवली तर पंधरा दिवस तो मला वापरायला मिळाला असता.

त्या कॅमेऱ्याचा अर्थ माझ्याइतका दुसऱ्या कुणाला कळणे शक्य नव्हते. हातातल्या कळीने केलेली मोजणी हा माझ्या प्रबंधाचा सर्वांत कच्चा दुवा होता. मार्गदर्शकांनी समासात तसे तीनदा लिहिले होते. मी विचार केला, आणि तो मला त्या वेळी काटेकोर वाटला. चित्रीकरण फक्त दोन दिवस. पिल्लांची जागा आत, उजव्या कुशीला, दिवे तोंडाशी. शिवाय व्यत्ययाचा परिणाम मोजायची अशी संधी परत येणार नव्हती. मी भिंतीवरच्या आराखड्यात एक नवी चौकट काढली आणि दिग्दर्शकाला वाट सांगितली. मी खोटे बोलले नाही. पिल्लांचा हंगाम आहे, हे मी सांगितले. फक्त ते वाक्य सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू सांगितले.

पुढचे चार दिवस आबा इतके आनंदात होते, की तसे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. ते अंगणात वाकून चालून पाहत, थांबत, श्वास मोजत. पेटी दिवसातून दोनदा उघडे. शेजारच्या बायकांना मावशी वरवर वैतागाने सांगत, "म्हातारपनी नट झाल्यात. आता मला बी वळकतील का न्हाई कुनास ठावं."

पाचव्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे गुहेशी बसलो होतो.

"आत पिल्लं हायती ना?" आबांनी पाठमोरेच विचारले.

"आहेत."

"दिवं किती लावनार ती लोकं?"

"मोठे सहा."

त्या दिवशी त्यांचा आणि माझा अंदाज प्रथमच जुळला नाही. त्यांचे लक्ष नव्हते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी मला धान्याच्या खोलीत बोलावले. त्या खोलीला खिडकी नव्हती.

"तुजं परयोग असत्यात, तसा माजा एक हाय. बसशील का?"

मी बसले. त्यांनी ते रबराचे डोके माझ्या डोक्यावर चढवले. आत कडुनिंब, पावडर आणि जुन्या रबराचा कोंदट वास होता. दोन भोकांतून समोरचे जेमतेम दिसे. मग त्यांनी माझ्या उजव्या हातात एक अंडे दिले.

"हे जपून धर. बाकी काय करायचं न्हाई."

"किती वेळ?"

"डोळं निवस्तवर. तूच म्हनलीस अर्दा तास."

दार बंद झाले. पहिली काही मिनिटे मी आकडे मोजले. नंतर अंधार हळूहळू उघडत गेला. कणगीची कड दिसू लागली, पोत्यांची शिवण दिसू लागली. स्वतःचा श्वास त्या रबरात मोठा ऐकू येत होता. बाहेर मावशी कुणाशी तरी बोलत होत्या, कोंबड्या फिरत होत्या. मला, खरे सांगायचे तर, तिथे बरे वाटू लागले होते.

दार उघडले आणि उजेड आला. चुलतभावाच्या ट्रॅक्टरचा दिवा आबांनी बॅटरीला जोडून आणला होता. माझा हात मी उचलला नाही, तो गेला. तळहात बाहेर, बोटे उघडी. आणि अंडे फरशीवर फुटले.

दिवा मालवला गेला. मी डोके काढले. मला काही दिसत नव्हते.

"तुला हात दोन हायती," अंधारातून आबांचा आवाज आला. "आनि धरायचं एकच काम हुतं."

मला उत्तर देणे भाग वाटले. "आबा, नमुना एकच आहे. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत."

"कोंबड्या लय हायती. आनू दुसरं?"

"काय बी नगं आनू," दारातून मावशी म्हणाल्या. "शास्त्र असंल तर असू द्या. अंडी माजी हायती."

मी कणगीला टेकून बसून राहिले. उजव्या कुशीला पिल्ले आणि तोंडाशी दिवे, हा माझा सगळा काटेकोर विचार त्या फरशीवर पसरला होता. ज्या गोष्टीचा निष्कर्ष मी आधीच तळटीपेत लिहिला होता, तीच पाहायला मी सहा दिवे बोलावले होते.

"मी नाही म्हटलं तर ते मुंबईला स्टुडिओत करतील," मी म्हणाले. "तुमचं काम जाईल."

"जाईल."

"नाव जाईल. एकट्याचं."

आबा खाली बसून पत्र्याच्या सुपलीत अंड्याची टरफले भरत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "इतकी वर्सं म्या त्या गुहेतल्याची बाजू घितली, पोरी. आता दिवं घिऊन शिरनाऱ्यांत जाऊ व्हय?"

मग मावशींकडे न पाहता त्यांनी विचारले, "तुला काय वाटतंय?"

मावशींनी आबांच्या हातातून सुपली घेतली. "मला काय वाटायचंय," त्या म्हणाल्या. "नाव आमाला ठावं हाय की."

संध्याकाळी मी दिग्दर्शकाला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. मी त्याला वाक्यांचा क्रम बदलून सगळे पुन्हा सांगितले. पिल्लांचे वाक्य या वेळी पहिले होते. तो रागावला नाही. दुसरी गुहा शोधायला त्याने आठवडा घालवला. ती मिळाली नाही. मग स्टुडिओत गुहा बांधायचे ठरले आणि आबांच्या जागी शिकलेला एक नर्तक घेतला गेला. निघताना दिग्दर्शक पुन्हा आबांच्या पाया पडला. कॅमेरा अर्थातच त्याच्याबरोबर गेला. मी भिंतीवरची नवी चौकट खोडली. माझा प्रबंध वर्षभर लांबला आणि मोजणीतली त्रुटी त्यात, तिच्या कबुलीसह, अजून आहे. प्रस्तावनेत मी आबांचे आभार मानले, तेव्हा ते म्हणाले, "आनि वाघळांचं?"

दिग्दर्शक गेल्यावर पेटी पुन्हा महिन्याला एकदाच उघडे. अंगणातले वाकून चालणे थांबले. उंबऱ्यावरचे आकडे मात्र चालूच होते.

चित्रपटाचा दुसरा भाग पुढच्या हिवाळ्यात लागला. दुपारच्या खेळाला मी त्या दोघांना तळेगावला घेऊन गेले. चित्रपटगृहाच्या दारातही आबा थांबले, मागच्या लोकांना मावशींनी सांगितले, "जा तुमी, ह्यांची गाडी यायचीय."

गुहा छान बांधली होती. खालून एकेक करत पाचही आले. "खात्यात काय वो हे?" मावशींनी माझ्या कानात विचारले. मी हिशोब सांगितला नाही. मग तो प्रसंग आला. मुलीने बॅटरी रोखली आणि नर्तकाने हात वर केला. नखे पुढे, मनगटाला सुरेख वळण, सगळे अंग त्या हातामागे ताणलेले. सभागृहात एक मोठा श्वास ऐकू आला. आबा माझ्याकडे झुकले.

"ह्याच्या डोळ्यावर उजेडच न्हाई," ते म्हणाले. तक्रार नव्हती, एखाद्या रुळाचा खिळा सैल आहे, असे सांगावे तसे ते म्हणाले.

शेवट झाला. काळ्या पडद्यावर नावे वर सरकू लागली, बारीक अक्षरांत, भराभर. लोक उठले. आमच्या पुढच्या रांगेतली चार-पाच तरुण मंडळी हसत, एकमेकांना तो पंजा करून दाखवत निघाली होती. आबा मात्र खुर्चीच्या कडेला येऊन, मान पुढे काढून नावे वाचत होते. आपले नाव तिथे नाही, हे त्यांना माहीत होते. नर्तकाचे सापडते का, ते पाहत होते, असे त्यांनी नंतर सांगितले.

ते सापडण्यापूर्वीच सभागृहातले सगळे दिवे एकदम लागले.

दोन तास अंधार प्यालेल्या डोळ्यांवर तो उजेड आला आणि आबांचा हात गेला. तळहात बाहेर, पंजा उघडा, बोटांच्या फटीतून एक डोळा. पुढच्या रांगेतली मुले त्याच क्षणी वळली होती. त्यांचे हसणे थांबले. सर्वांत पुढचा जिथे उभा होता तिथेच खाली बसला.

मावशींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि नेहमीसारख्या थांबून राहिल्या. मीही मोजत होते. विसावा आकडा झाल्यावर आबांनी हात खाली घेतला.